चोर लाल, शिपाई हिरवे

तिला एक खरं नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या यादीत. घरी, शेजारी, कामावर ती सगळ्यांची भागूबाई. भित्री भागूबाई म्हणतात ना, त्यातली. नाव ठेवलं होतं थोरल्या भावाने. लहानपणी एकदा भिंतीवरची आपलीच सावली पाहून ती किंचाळत घरात पळाली, तेव्हापासून ते चिकटलं. पुढे केस पिकायला लागले तरी सुटलं नाही, आणि सुटावं असं तिने कधी काही केलंही नाही.

ती कशाकशाला भ्यायची हे सांगत बसलं तर दिवस पुरायचा नाही. कशाला भीत नव्हती, तेच सांगणं सोपं. फोन वाजला की आधी छातीत धस्स, मग हॅलो. घराबाहेर पडताना गॅसचं बटण बघायची, कुलूप ओढायची, दोन जिने उतरायची आणि परत वर येऊन कुलूप ओढायची. कुत्रं दिसलं की रस्ता बदलायची, मग त्या रस्त्यावर दुसरं दिसलं की रिक्षा शोधायची. लग्नाचं एक स्थळ अगदी जमत आलं होतं. मुलगा भला, घरचे भले, पण तो गाडी जोरात चालवतो म्हणून हिने नकार कळवला. तो अजून धडधाकट आहे आणि अजून तशीच गाडी हाकतो, हे दादा तिला अधूनमधून मुद्दाम सांगायचा.

दादा तिच्या अगदी उलट. आईवडील एकामागोमाग गेले तेव्हा तो कॉलेजात जाऊ लागला होता आणि ही शाळेत होती. त्याने कॉलेज सोडलं आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागला. वरून खाली नुसता काळोख दिसतो अशा लिफ्टच्या विहिरीत तो तारांना लटकून उतरायचा आणि उतरता उतरता बडबडायचा. दोन मजल्यांच्या मध्ये कुणी अडकलं, आत रडारड सुरू झाली, की कंपनी याला पाठवायची. दार उघडायच्या आधी हा बाहेरून गप्पा सुरू करी. आतल्या माणसाला गाव विचारी, मुलांची चौकशी करी, एखादा पांचट विनोद सांगे, आणि दार उघडेपर्यंत आतलं माणूस हसत असे. पाना नंतर लागतो, आधी तोंड लागतं, असं तो म्हणायचा. आवाज भारदस्त, जरा खरखरीत. त्या आवाजावर त्यांचं घर उभं राहिलं आणि बहिणीचं शिक्षण झालं. भागूबाई घाबरली की दादाला फोन लावायची. तो काय बोलतोय याकडे तिचं लक्षही नसायचं. तो बोलतोय एवढं तिला पुरत असे.

शिकून ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात नोकरीला लागली. तिथलं काम असं की भल्याभल्यांना समजावताना ती थकायची, पण आपण प्रयत्न करू. माणसाच्या गाठीचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचपट्टीवर चिकटून तिथे येतो. त्या एवढ्याशा कापात लाखो पेशी असतात. प्रत्येक जातीच्या पेशीच्या अंगावर तिची तिची खूण असते. नेमकी त्या खुणेलाच जाऊन चिकटेल असं औषध मिळतं, आणि त्या औषधाच्या शेपटीला चमकणारा रंग बांधलेला असतो. औषध कापावर घालायचं, अंधारात ठेवायचं, धुवायचं, आणि यंत्राखाली ठरावीक उजेड टाकला की तेवढ्याच पेशी चमकतात. पण एका वेळी चाराच्या वर रंग घातले की ते एकमेकांत मिसळतात. म्हणून चार घालायचे, फोटो काढायचा, मग ती चमक विझवायची, काप धुवायचा आणि त्याच कापावर पुढचे चार घालायचे. अशा कितीतरी फेऱ्या. शेवटी सगळे फोटो एकावर एक अचूक रचले की नकाशा तयार होतो. गल्लीत कोण कुठे राहतं, कुणाचं दार कुणाच्या दाराला लागून, तसा.

यंत्र मात्र रंगांधळं. त्याचे फोटो काळेपांढरे निघतात. नकाशातले रंग माणूस देतो, मागाहून, संगणकावर बसून. हवा तो रंग देता येतो, म्हणून विभागाच्या प्रमुखांनी, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी फार पूर्वी एक रीत घालून दिली होती. चोर लाल, शिपाई हिरवे. चोर म्हणजे कॅन्सरच्या पेशी आणि शिपाई म्हणजे त्यांच्याशी लढणाऱ्या शरीराच्या स्वतःच्या पेशी. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती. लिहायची गरजच नव्हती, डॉक्टरांच्या डोळ्यांत ती मुरली होती. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात कोणत्या रंगाची कोण पेशी ते बारीक अक्षरात छापलेलं असे. ते कुणी वाचत नसे.

या कामात भित्रेपणाचं सोनं झालं. ती प्रत्येक बाटलीवरचं नाव तीनदा वाचायची. कापावर पाणी सोडताना श्वास रोखायची, कारण पाण्याचा जोर जास्त झाला की काप काचेवरून सुटतो, आणि सुटला की संपलं. तिच्या शेजारच्या टेबलावरच्या गड्याला सगळे एक्सप्रेस म्हणायचे. तो झटपट काम उरकायचा आणि दर महिन्याला त्याच्या हातून एखादा काप मोरीत जायचा. भागूबाईच्या हातून कधीच गेला नव्हता. मोठ्या बाई नव्या मुलींना सांगायच्या की घाबरायला शिका.

मग दादाचा घसा बसला. पंधरवडा झाला, महिना झाला, उठेचना. आधी थंड प्यायलो म्हणाला, मग धूळ म्हणाला, मग बायकोशी भांडून भांडून बसला म्हणाला. वहिनींनी शेवटी त्याला धरून नेलं. घशात गाठ होती, आवाजाच्या अगदी उंबऱ्यावर. भागूबाईने ते फोनवर ऐकलं आणि ती जिन्यातच बसली. तिला आयुष्यभर ज्याची भीती वाटत होती ते हेच होतं की काय, असं तिला वाटलं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण हे तिच्या मनानेही कधी चिंतलं नव्हतं.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, ऑपरेशन. त्यात गाठीबरोबर स्वरयंत्र निघणार. माणूस वाचतो, आवाज जातो. दुसरी, एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. ते औषध शरीरातल्या शिपायांना चेतवतं. शिपाई गाठीच्या आत आधीच घुसलेले असतील तर ते उरलेलं काम करतात आणि कापाकापी टळते. पण शिपाई बाहेरच ताटकळत उभे असतील तर औषध काही करत नाही. नुसते महिने जातात आणि तेवढ्यात गाठ पसरते. कोणती वाट घ्यायची ते काप बघून ठरणार होतं, आणि असे काप बघणारं तळघर सगळ्या शहरात एकच होतं.

काचपट्ट्यांवर नावं नसत, नंबर असत. दादाने आपला नंबर फोनवर हसत हसत वाचून दाखवला होता, लक्षात ठेव, लॉटरी लागेल म्हणून. भागूबाईने तो लक्षात ठेवला नाही, तो तिच्या डोक्यात रुतून बसला. आठवड्याने सकाळी ट्रेमधली पहिली काचपट्टी तिने उचलली आणि वरचा नंबर तीनदा वाचला. तोच नंबर. आणि वर शेरा होता की गाठीचा तुकडा फार लहान असल्याने दुसरा काप मिळणार नाही.

अशा वेळी काय करायचं याचा नियम स्पष्ट होता. नात्यातला नमुना आला तर सांगायचं आणि बाजूला व्हायचं. ती सांगायला उठलीसुद्धा. मोठ्या बाईंच्या दारापर्यंत गेली. पण तिथून तिला एक्सप्रेस दिसला. तो मोबाइल खांद्याला लावून एका हाताने कुणाच्या तरी कापावर भसाभसा पाणी सोडत होता. ती बाजूला झाली की दादाचा काप त्याच्याकडे जाणार. ती दारातून मागे फिरली. लबाडी म्हणा, प्रेम म्हणा, मला विचाराल तर ती निव्वळ भीती होती.

पुढचे काही दिवस तिने जीव मुठीत धरून काढले. प्रत्येक फेरीला काप धुताना ती थेंब थेंब पाणी सोडे आणि कडेकडे बघत राही. मध्येच एका फेरीत एक कोपरा उचलला गेला. एवढासा, नखाच्या टोकाएवढा. तिच्या तोंडचं पाणी पळालं. पुढच्या फेऱ्यांत तिने त्या कोपऱ्याला पाणीही लागू दिलं नाही. काप शेवटपर्यंत टिकला. हे तिच्या नावावर जमा करायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

फोटो रचून झाले आणि ती रंग द्यायला बसली. पहिला थर चोरांचा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा नुसता सडा पडला होता, या कडेपासून त्या कडेपर्यंत. तिने लाल रंगावर बाण नेला आणि तिचं बोट उतरेना. हा दादाचा गळा होता. ती बटण दाबणार आणि दादाचा अख्खा गळा लाल होणार. ती तशीच बसून राहिली. मग स्वतःशीच पुटपुटली, तात्पुरतं. तात्पुरता हिरवा देऊ, बाकीचं काम उरकू, पाठवायच्या आधी बदलू. तिने हिरवा दिला. पडदा हिरवा झाला, तिला जरा श्वास घेता आला. पुढे शिपायांचा थर आला तेव्हा हिरवा वापरून झाला होता, आणि एकच रंग दोघांना संगणक देऊ देत नाही. बाकीचे रंग बाकीच्या पेशींना लागणार होते, म्हणून शिल्लक राहिलेला लाल तिने शिपायांना दिला. ते होतेच किती, कडेला थोडी रांग, कुंपणाबाहेर उभी असावी तशी. आत जवळजवळ कुणी नाही.

रोज तीनदा तपासणाऱ्या बाईने त्या दिवशी एकदाही तपासलं नाही. तपासायचं म्हणजे परत बघायचं, आणि बघायची तिला भीती वाटत होती. तिने मान फिरवून ते पाठवून दिलं. तात्पुरतं ते तसंच गेलं, आणि रंग बदलायचे राहिले हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

नकाशात काय आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. चोरांनी घर भरलेलं, शिपाई दाराबाहेर. म्हणजे ऑपरेशन. ती वाईट बातमीची वाट बघत बसली. जेवण जाईना, झोप येईना. आणि शनिवारी वहिनींचा फोन आला की डॉक्टर खूश आहेत, चाचणीत घेतलंय, सोमवारी पहिली सलाईन. भागूबाईला क्षणभर ऐकू आलं ते कळेचना. मग तिला वाटलं, आपण कोण मोठे लागून गेलो? आपण भित्रे, आपल्याला सगळीकडे चोरच दिसणार. डॉक्टरांनी नीट बघितलं असेल. तिचा जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी घरातून निघताना तिने कुलूप एकदाच ओढलं.

रविवारी दुपारी ती दादाकडे गेली. दोन खोल्यांचं घर, खिडकीत वाळत घातलेले कामाचे कपडे, टेबलावर चहा. दादाचा आवाज बसलेलाच होता, पण बडबड परत सुरू झाली होती. डॉक्टरांनी त्याला पडद्यावर चित्र दाखवलं होतं आणि आता तो ते वहिनींना चौथ्यांदा सांगत होता.

"सगळं हिरवंगार गं भागू. आतबाहेर शिपाईच शिपाई. लाल कुठे, तर कडेला बारीक रांग. डॉक्टर म्हणाले, चोर पळायच्या बेतात आहेत."

कप तिच्या हातात होता. तो खाली ठेवायचा एवढंच तिला त्या वेळी सुचलं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ते तिने नुसतं ऐकलं होतं. दादाच्या गळ्यात हिरवं काय होतं ते त्या खोलीत, त्या शहरात, तिला एकटीला माहीत होतं. पेशी मोजून आकडे देणारा विभाग वेगळा होता आणि आकडे यायला वेळ लागे. चाचणीत जागा एकच उरली होती म्हणून डॉक्टरांनी नुसतं चित्र बघून ठरवलं होतं.

काहीतरी कारण सांगून ती उठली आणि जिना उतरली. रस्त्यावर उभी राहून तिने मोठ्या बाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. रविवार होता, कुणी उचलेना. नोकरी जाणार हे तिला दिसत होतं. नियम मोडला, नातं लपवलं, रंग चुकवले. पण ती भीती त्या मानाने लहान होती. खरी भीती वर दुसऱ्या मजल्यावर बसून चहा पीत होती. ती परत जिना चढली.

दारात उभं राहूनच तिने सांगितलं. आत जाऊन बसली असती तर बोलता आलं नसतं.

"दादा, ते हिरवं म्हणजे शिपाई नाहीत. रंग मी दिले होते. उलटे दिले."

वहिनींनी विचारलं, उलटे म्हणजे काय. तिने सांगितलं, हिरवे ते चोर. दादा आधी हसला. त्याला वाटलं, भागूबाईला नवी भीती सुचली. मग त्याने तिच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"सगळं हिरवं होतं," तो म्हणाला.

"हो."

"कुणाला सांगितलंस?"

"अजून कुणाला नाही. बाई फोन उचलत नाहीत."

"मग नको सांगूस."

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. दादा उठला, तिच्याजवळ आला आणि दार लावून घेतलं. औषध घेऊन बघतो, म्हणाला, लागलं तर लागलं, नाही लागलं तर मग कापू दे. तोवर पसरेल, ती म्हणाली. तुला काय माहीत, तू डॉक्टर आहेस का, त्याने विचारलं. मी बघितलंय, एवढंच ती म्हणू शकली. त्याने दाराला पाठ टेकली. मग अगदी हळू, त्या बसलेल्या आवाजात म्हणाला,

"मला भीती वाटते, भागू. आवाज गेला तर मी उरतो काय? दोन मजल्यांच्या मध्ये कुणी रडत असेल, त्याला मी बाहेरून हातवारे करू?"

उघड्या विहिरीत तारेला लटकणारा हा माणूस. त्याच्या तोंडून भीती हा शब्द तिने आजवर ऐकलाच नव्हता. आपण घाबरलो की याच्याकडे यायचं, हे तिला ठाऊक होतं. हा घाबरला तर कुणी कुठे जायचं, हे ठाऊक नव्हतं. तिने मान हलवली. नाही सांगत, म्हणाली. दादाने तिच्या खांद्यावर थोपटलं.

वहिनी तिला खालपर्यंत सोडायला आल्या. जिन्याच्या वळणावर त्यांनी तिचं मनगट धरलं.

"भागूताई, मला माणूस हवाय. मुका असला तरी चालेल. पण मी असं म्हणाले हे त्यांना कधी कळू देऊ नका."

एवढं बोलून त्या वर गेल्या. म्हणजे सांगायचं ते हिनेच सांगायचं, आणि त्याचं जे काही होईल तेही हिनेच सोसायचं. वहिनींना दोष द्यायला जीभ रेटत नाही, त्यांना त्या माणसाबरोबर राहायचं होतं. पण दगडाखाली सगळ्यांचेच हात होते आणि दगड उचलायला धाडली कुणाला, तर भागूबाईला.

सोमवार उजाडला. सलाईनची खोली सहाव्या मजल्यावर होती, आणि लिफ्टला तर ती जन्माची भ्यायची. दुसऱ्या कुणी ही गोष्ट सांगितली असती तर आज तिला लिफ्टमध्ये बसवून पाठवली असती, सगळी भीती झटकून वगैरे. तसं काही झालं नाही. ती जिन्यानेच गेली, कठडा धरून, दर मजल्यावर थांबत, आणि दर मजल्यावर तिला परत फिरावंसं वाटलं. मोठ्या बाईंना तिने सकाळी गाठून सगळं सांगितलं होतं. त्या लगेच फोनकडे वळल्या होत्या, पण वरचा फोन लागत नव्हता. तू पुढे पळ, मी आलेच, त्या म्हणाल्या होत्या.

दादा आरामखुर्चीत रेलून बसला होता. सुई लागली होती, नर्स बाटली टांगत होती, आणि तो नर्सला काहीतरी विनोदी सांगत होता. भागूबाई दिसली तशी तो गप्प झाला. तिने त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. चाचणीचे डॉक्टर खिडकीजवळ उभे होते. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाज कुठून आला ते तिचं तिलाही कळलं नाही.

"डॉक्टर, हा माझा भाऊ आहे. याचा काप मीच रंगवला. त्यात हिरवे चोर आहेत आणि लाल शिपाई. खाली कोपऱ्यात लिहिलंय, वाचून बघा."

डॉक्टरांनी लॅपटॉप उघडला. चित्र मोठं केलं, कोपरा आणखी मोठा केला, डोळे बारीक केले. त्यांच्या कपाळावरची शीर तेवढी हलली. त्यांनी नर्सला हात वर करून थांबवलं. नर्सने बाटलीची नळी बंद केली. कुणी ओरडलं नाही, ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. आता तिला दादाकडे बघणं भागच पडलं. तो तिच्याकडे एकटक बघत होता. रागाने नाही. लिफ्टच्या बंद दाराआड अडकलेली माणसं कशी बघत असतील ते तिने कधी पाहिलं नव्हतं, पण अशीच बघत असावीत. वहिनी खाली मान घालून पदराचं टोक पिळत होत्या.

नोकरी गेली नाही. मोठ्या बाईंनी तिला रंगांच्या पडद्यावरून कायमचं हटवलं आणि धुलाईच्या टेबलावर बसवलं. रंग संगणकातच पक्के करून टाकले, आता कुणाला बदलताच येत नाहीत. कोपरा आम्हीही वाचायला हवा होता, असं डॉक्टर बैठकीत म्हणाले म्हणे. हे सगळं तिला कुणाकुणाकडून कळलं. तिचं कशातच लक्ष नव्हतं.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं. मधल्या दिवसांत दादाकडे रीघ लागली. कंपनीतले लोक, शेजारी, कधीकाळी लिफ्टमधून सोडवलेली दोन-तीन माणसं. दादा सगळ्यांशी बोलला. बसलेल्या घशाने बोलला, दमला, पाणी प्यायला, परत बोलला. दूधवाल्याशी बोलला, वरच्या मजल्यावरच्या रुसलेल्या म्हाताऱ्याशी बोलला, ज्याच्याशी त्याचं वर्षानुवर्षं वाकडं होतं. भागूबाई रोज कामावरून सुटली की तिथे जायची आणि स्वयंपाकघरात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची. भिंतीपलीकडून आवाज यायचा. ती बाहेर आली की तो थांबायचा. पेला पुढे केला की घ्यायचा, पण तिच्याशी एक शब्द नाही. वहिनी त्याला काही सांगायला गेल्या नाहीत. त्या जिन्यात काय म्हणाल्या ते भागूबाईनेही त्याला कळू दिलं नाही.

आणि गंमत बघा. इतकी वर्षं नको त्याची काळजी करणाऱ्या या बाईला या एका गोष्टीची काळजी वाटली नाही. दादाचा राग तिला माहीत होता. फार दिवस टिकत नसे. आज ना उद्या उतरेल, मग बोलेल, असं ती मनाला समजावत राहिली. ऑपरेशनच्या सकाळीही ती हेच म्हणत होती, की बरा होऊन घरी येऊ दे, राग उतरला की आपणहून बोलेल. स्ट्रेचर दारापलीकडे गेलं, दार बंद झालं, आणि मग तिला कळलं की आपण काय म्हणत होतो. ती भिंतीला टेकली.

गाठ पूर्ण निघाली. आणखी दोन महिने थांबलो असतो तर निघाली नसती, सर्जन म्हणाले. वहिनी रडल्या, देवाचे आभार मानले, डॉक्टरांचे मानले.

तिसऱ्या दिवशी भागूबाईला आत सोडलं. दादाच्या गळ्याला पट्ट्या, नळ्या, तोंड सुजलेलं. ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली, जवळ जायचा धीर होईना. त्याने डोळे उघडले, तिला ओळखलं, आणि बोटाने जवळ बोलावलं. ती वाकली. त्याचे ओठ हलले. काहीतरी म्हणाला, चार-पाच शब्दांचं, सावकाश, तिच्याकडे बघत. श्वासाचा नुसता सूं आवाज आला, तोही गळ्यातल्या नळीतून.

तिला काही कळलं नाही. शिवी होती, की माफी, की पाणी मागितलं, काही म्हणजे काही कळलं नाही. परत सांग म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि तिला भीती वाटली. तिने नुसती मान हलवली.